कूलरच्या सुरातला 'नवतपा'

यंदा कूलरच्या ताट्या बदलायला मी उशीर केला. आई होळीपासून मागे लागली होती. "अरे, ऊन डोक्यावर आलं, तू काहून कूलर काढून नाही राहिला?" मी दर रविवारी पुढच्या रविवारचा वायदा करायचो. शेवटी एप्रिल अर्धा सरला, पाठभर घामोळ्या उठल्या, तेव्हा कुठे तो पत्र्याचा डबा गच्चीवरच्या खोलीतून ओढून काढला. जुन्या ताट्यांतून क्षाराचं पांढरं पीठ गळत होतं. नवा वाळा भरला, टाकीत पंप सोडला, बटण दाबलं. पहिली चार-पाच सेकंदं कूलर नुसताच खोकला, आणि मग त्याला त्याचा सूर सापडला.

तो सूर लागला की मी तोंड फिरवतो. दर वर्षी फिरवतो. आईला वाटतं, ओल्या वाळ्याचा वास मला सोसत नाही. मी तिचा तो समज दूर करत नाही, कारण खरं सांगायचं तर तिला एका बँडची हकिगत पुन्हा सांगावी लागेल, आणि त्या हकिगतीतली सगळी माणसं तिच्या हातची खीर खाऊन गेलेली आहेत.

अकरा वर्षांपूर्वीचा उन्हाळा. मी नुकताच इंजिनिअरिंग संपवून घरी बसलो होतो. बाबांची रेल्वेतली नोकरी संपत आली होती आणि रायपूर स्टेशनमागच्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, त्यांनी घर बांधलं होतं. वर टिनाची एक खोली काढली होती. तिला आम्ही 'स्टुडिओ' म्हणायचो आणि बाबा 'भट्टी' म्हणायचे. बाबांचं म्हणणं जास्त बरोबर होतं. त्या खोलीत आम्ही तिघं हेवी मेटल वाजवायचो. मी बेस गिटार. ती एका ऑर्केस्ट्रावाल्याने टाकून दिलेली होती आणि तिच्या पाठीवर अजूनही कुठल्यातरी देवीचं स्टिकर आहे. ड्रम्सवर खिलावन. तो अभनपूरकडच्या एका गावचा, रायपुरात मामाकडे राहायचा आणि लग्नसराईत धुमालमध्ये वाजवायचा. धुमाल म्हणजे गाडीवर ढोल-ताशे चढवून वरातीपुढे निघणारी आमच्याकडची वादकमंडळी. ज्याने ती जवळून ऐकली नसेल त्याला मोठा आवाज म्हणजे काय हे ठाऊक नाही. आणि गिटार व गाणं अनिरुद्धचं. त्याचे वडील पुण्याहून नवा रायपुरातल्या एका संस्थेत साहेब म्हणून आले होते. अनिरुद्धचं मराठी इतकं इस्त्री केलेलं होतं की पहिल्या दिवशी आईने त्याला "बस ना बापू, तुले पाणी देऊ का" म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "काकू, तुमची भाषा किती गोड आहे." आई खूश झाली. मलाही तेव्हा ते कौतुकच वाटलं होतं.

बँडचं नाव 'कन्हार'. छत्तीसगडीत काळ्या, जड, पायाला चिकटून येणाऱ्या मातीला कन्हार म्हणतात. नाव खिलावनने सुचवलं. अनिरुद्ध इंग्रजी नावांची यादी घेऊन आला होता, त्यात मृत्यू, राख, कावळे असं सगळं होतं. खिलावनने ती ऐकून घेतली आणि म्हणाला, "हमारे बाबू की जमीन कन्हार है. पानी पड़े तो बैल का पाँव नहीं निकलता. वैसा बजाना है न?" तसंच वाजवायचं होतं. अनिरुद्धने यादीची घडी करून खिशात ठेवली.

आता कूलरचं. टिनाची खोली, मे महिना, कूलर बंद केला तर दहा मिनिटांत माणूस आडवा होईल. आणि कूलर चालू ठेवला की त्याची अखंड घूंऽऽ गिटारच्या सुराशी भांडायची. ट्यूनर लावून तारा अगदी बिनचूक मिळवल्या तरी खोलीत सगळं बेसूर वाटायचं, कानात काहीतरी वळवळायचं. दोन दिवस आम्ही चिडचिड केली. अनिरुद्धने कूलरला उशा बांधून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी खिलावन, ज्याच्या वाद्याला तारच नव्हती, घाम पुसत म्हणाला, "कूलर नहीं मानेगा भैया. गिटार को मना लो."

मग आम्ही गिटारला मनवलं. तारा सैल करत करत कूलरच्या सुरावर आणल्या. तो सूर कुठल्याही पुस्तकातला नव्हता, दोन स्वरांच्या मधल्या फटीत कुठेतरी होता. गवय्या आपल्या पट्टीत तानपुरा लावून घेतो. आमचा तानपुरा हट्टी होता, म्हणून गवय्यांनी पट्टी सोडली. पण ज्या क्षणी सगळ्या तारा त्या घूंऽऽ मध्ये मिसळल्या, त्या क्षणी टिनाचं छत थरथरलं आणि आम्ही तिघं येड्यासारखे हसलो. चौथा वादक सापडला होता. दुपारी व्होल्टेज पडलं की कूलरचा सूरही उतरायचा, मग आम्हीही उतरायचो. दुपारचं गाणं सकाळच्यापेक्षा जड व्हायचं. असा बँड जगात दुसरा नसेल, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं.

'नवतपा' हे गाणं त्या दिवसांतलं. मे अखेरचे ते नऊ दिवस, ज्यांत कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो. त्या वर्षी बुद्धपौर्णिमा आणि नवतपा एकमेकांना चिकटून आले. पौर्णिमेला सकाळी आईची वंदना झाली, खीर चुलीवर चढली आणि वर आम्ही माझा फोन उघड्या दारासमोरच्या कपाटात ठेवून गाणं रेकॉर्ड केलं. सुरुवातीला नुसता कूलर. मग खिलावन विचारतो, "हव भैया?" मी म्हणतो, "हव." हव म्हणजे हो. मी हो म्हटल्याशिवाय तो कधी सुरुवात करायचा नाही, कारण त्याचा पाय आणि माझी बेस एकत्रच पडली पाहिजेत, असं आमचं ठरलेलं होतं. आणि गाण्याच्या शेवटी, सगळं थांबल्यावर, जिन्यातून आईचा आवाज येतो, "पोट्टेहो, खीर थंडी होऊन राहिली!" अनिरुद्धने ते तसंच इंटरनेटवर टाकलं. लोकांना आईच जास्त आवडली.

खिलावनच्या वाजवण्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. तो चौथा ठोका किंचित उशिरा द्यायचा. वरातीत नाचणाऱ्यांचा पाय उचलून खाली यायला वेळ लागतो, तेवढा वेळ तो थांबायचा. लहानपणापासून त्याच्या हातात ते होतं. मेटलमध्ये ते कुणी करत नाही. पण त्या उशिराच्या जागेत माझी बेस आरामात बसायची. त्यामुळे गाणं मागे रेलल्यासारखं, ओझं वाहत चालल्यासारखं वाटायचं. ऐकणारा 'किती जड वाजवतात रे' म्हणायचा तेव्हा तो त्या उशिराबद्दल बोलत असायचा, त्याला ठाऊक नसलं तरी.

जूनच्या सुरुवातीला नवा रायपुरात एका मैदानावर बँडची स्पर्धा होती. आता यात चूक कुणाची हे मी प्रामाणिकपणे सांगतो. माझी. मीच म्हणालो, कूलर घेऊन जाऊ. गाण्याची सुरुवातच कूलरने होते, त्याच्याशिवाय सूर कसा लावणार? छोट्या हत्ती टेम्पोत ड्रम्सशेजारी कूलर चढवला, त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून वाजतगाजत नेला. संध्याकाळी स्टेजवर पाणी भरून बटण दाबलं, आणि कूलर भलत्याच वरच्या सुरात किंचाळू लागला. मैदानावर जनरेटरचा करंट होता. घरचा पंखा ज्या गतीने फिरायचा, ती गती इथे नव्हती. आम्ही शे-दोनशे लोकांसमोर कूलरकडे कान लावून तारा आवळत बसलो. लोक हसायला लागले. अनिरुद्धची एक तार फाट्कन तुटली. कुणीतरी ओरडलं, "भैया, फ्रिज भी लाए हो क्या?" खिलावनला इतकं हसू आलं की त्याच्या हातातून काठी पडली. मीही हसलो. मग आम्ही उरलेल्या तारांवर 'नवतपा' वाजवलं, आणि शपथेवर सांगतो, छान वाजवलं. लोक नाचले.

अनिरुद्ध मात्र हसला नाही. परतताना तो गाडीत पुढे बसला, आम्ही मागे कूलर धरून. माझं लक्ष तेव्हाच जायला हवं होतं.

पाऊस लागला, कूलर बंद झाला, आणि जुलैतल्या एका दुपारी अनिरुद्ध मला एकट्याला म्हणाला, "खिलावन टाइट नाहीये. क्लिकच्या टिकटिकीवर वाजवूच शकत नाही. भिलाईचा एक जण आहे, मी बोललोय." मी म्हणालो, "पण तो उशीर तर..." पुढचं मला शब्दांत सांगता आलं नाही. अनिरुद्धला सगळं शब्दांत सांगता यायचं. दुसऱ्या दिवशी आमच्याच खोलीत, आमच्याच छताखाली, त्याने खिलावनला सांगितलं. "बघ, आम्हां दोघांना असं वाटतंय..." दोघांना. खिलावनने त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "हव भैया?"

मी बंद कूलरकडे बघत बसलो.

त्याने काठ्या पिशवीत घातल्या. खाली आई होती. "जेवून जाय ना रे," ती म्हणाली. "नहीं आंटी, आज नहीं," असं म्हणून तो पावसात सायकल काढून गेला.

या संगीताच्या वेड्यांना लाइनअपचं फार. कुठल्या बँडमध्ये कोण कधी आला, कोण कधी गेला, पहिल्या गायकाच्या वेळचा आवाज खरा की दुसऱ्याच्या, यावर माणसं वर्षानुवर्षं भांडतात. मीही भांडलोय. गायक बदलला की सगळ्यांना कळतं, ते चेहरा बदलल्यासारखं आहे. गिटारवाला बदलला की वाजवणाऱ्यांना कळतं. ड्रमर बदलला की लोक म्हणतात, तेच तर आहे. पण गाण्याची चाल बदललेली असते, चाल म्हणजे चालण्याची ढब. आणि बेसवाला बदलला तर कुणाला काहीच कळत नाही. गाणं जरा पातळ लागतं, म्हणजे वरण तेच पण कुणीतरी पाणी वाढवलंय, इतकंच. लोगो तोच राहतो, तो काटेरी, कुणाला न वाचता येणारा. टी-शर्टं तीच राहतात.

भिलाईचा पोरगा उत्तम वाजवायचा. यंत्रासारखा बिनचूक. दोन्ही पाय शिवणयंत्रासारखे चालायचे. बँड वेगात आला, चकचकीत झाला, सगळ्यांनी वाखाणला. मी मात्र जिन्यात शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा दर चौथ्या ठोक्याला अडखळायचो. सराव शंकर नगरातल्या एका एसी खोलीत हलला. तिथे कसलाच आवाज नव्हता. तारा ट्यूनरवर मिळवल्या जायच्या. मी कुणाच्या सुराशी सूर मिळवतोय तेच मला समजेना.

दिवाळीनंतर अनिरुद्धचे निरोप येऊ लागले. या रविवारी सराव नाही. पुढच्याही नाही. मी विश्वास ठेवला, हेच मला अजून लागतं. मग एका कॉलेजच्या भिंतीवर पोस्टर दिसलं. 'कन्हार'. तिघांचा फोटो, मधे अनिरुद्ध, एका बाजूला भिलाईचा, दुसऱ्या बाजूला बेस घेतलेला एक दाढीवाला, ज्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं. फोन केला तर म्हणाला, "अरे प्रशांत, तुला सांगणारच होतो. आम्ही ठरवलं की..." आम्ही. त्या एका शब्दाने मला जितकं पोळलं तितकं पोस्टरने पोळलं नव्हतं. माझ्या घरच्या भट्टीत जन्मलेला बँड, माझ्या आईच्या खिरीवर वाढलेला, आणि मी त्याच्या 'आम्ही'त नव्हतो. नीट तोंडावर सांगितलं असतं तर भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, मोकळा झालो असतो. त्याने मला भिंतीवरून कळू दिलं. मी त्याला माफ केलेलं नाही. माफ करायची घाईही नाही.

मग नोकरी लागली. मी नवा रायपुरातल्या एका कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. बाबा गेले. बेस वर्षातून एकदाच खोक्यातून निघते. कूलर लागला की मी तिच्या तारा त्याच्या सुरावर आणतो, 'नवतपा'चे पहिले चार सूर वाजवतो आणि परत ठेवून देतो. आईला वाटतं मी कूलर तपासतोय.

यंदाही तेच करत होतो. हात वाळ्याच्या चिखलाने ओले, बेस मांडीवर, तेवढ्यात फोन वाजला. अनिरुद्धचा निरोप, कितीतरी वर्षांनी. "नवतपा नव्याने केलंय. ऐक नक्की. तुला आवडेल."

मी कानात लावलं. सुरुवातीला कूलर वाजला. म्हटलं, विसरला नाही साला. मग गाणं सुरू झालं, झकास, महागडं, स्वच्छ. मी न राहवून मांडीवरची बेस छेडली. आणि ती लागेना. माझंच गाणं, मीच रचलेले ते चार सूर, आणि मी बेसूर. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तेव्हा कळलं. त्यांनी कॉम्प्युटरवर कूलरचा आवाज किंचित चढवून बिनचूक स्वरावर बसवला होता. ज्याला आम्ही मनवू शकलो नाही, ज्याच्यासाठी आम्ही सगळे खाली उतरलो, त्यालाही त्यांनी शिस्त लावली होती. कूलरला बँडमध्ये ठेवलं होतं, मला नाही. जुनं गाणं शोधलं तर इंटरनेटवरून काढून टाकलेलं. "हव भैया" नाही, खीर नाही. माझा तेव्हाचा फोन तर केव्हाच भंगारात गेला होता. म्हणजे मी कधीकाळी वाजवलं होतं याला आता माझ्या शब्दाशिवाय पुरावा नव्हता.

संतापाने मी आईच्या फोनमधून खिलावनचा नंबर काढला. तो तिच्याकडे आहे हे मला ठाऊक होतं, दर पौर्णिमेला ती त्याच्याशी बोलते. मी अकरा वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. त्याची आता स्वतःची धुमाल पार्टी आहे. फोन लागला तेव्हा त्याच्यामागे कुणीतरी ढोलाचं कातडं उन्हात तापवून ठोकून बघत होतं.

"खिलावन, प्रशांत बोल रहा हूँ."

"हव भैया. बोलो."

"नया वाला नवतपा सुना? देखा न, हमको कैसे साफ कर दिया उसने?"

तो कुणाला घराचा पत्ता सांगावा तितक्या सरळ आवाजात म्हणाला, "आपको उसने निकाला भैया. मेरे को तो आप दोनों ने निकाला था."

माझ्यामागे कूलर चालू होता, खिलावनलाही तो ऐकू गेला असेल.

"पुराना वाला चाहिए क्या?" त्यानेच विचारलं. "मेरे पास पड़ा है. पार्टी के लड़कों को सुनाता हूँ कभी-कभी. भेजता हूँ." आणि "आंटी को नमस्ते बोलना" म्हणून त्याने फोन ठेवला.

फाइल लगेच आली. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोणाचा फोन होता रे?" मी म्हटलं, "खिलावनचा." ती हात पुसत दारात येऊन उभी राहिली. मी आवाज मोठा केला. फोनमधला कूलर आणि खिडकीतला कूलर एकमेकांत असे मिसळले की कोणता कोणाचा ते ओळखू येईना. मग त्यातून खिलावनचा आवाज आला, विशीतला, हसऱ्या तोंडाचा, "हव भैया?"

आणि माझा, क्षणाचाही विचार न करता, "हव."

मी फाइल तिथेच थांबवली. पुढे त्याचा पाय पडणार होता, आणि पाठोपाठ माझी बेस, आणि चौथा ठोका जरासा उशिरा. ते सगळं मला पाठ आहे. पण दोन महिन्यांनी वरच्या त्याच खोलीत तो मला हेच विचारणार होता, आणि हे इतकं सोपं उत्तर मला येत नसल्यासारखा मी गप्प बसणार होतो.

"लाव ना," आई म्हणाली. "माझा आवाज आहे ना त्यात शेवटी."